नजर, स्पर्श आणि ऑक्सिटोसिन

लांडग्यांच्या जगात डोळ्याला डोळा भिडवणे हे बहुधा आव्हान असते; त्यांच्याच कुळातला कुत्रा मात्र आपल्या माणसाकडे निवांतपणे बराच वेळ पाहत राहतो. या पाहण्याने दोघांच्या शरीरात काय घडते, याचा शोध जपानमधील अझाबू विद्यापीठातील मिहो नागासावा, ताकेफुमी किकुसुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला, आणि त्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्यांनी ३० कुत्र्यांना आपापल्या मालकांसोबत अर्धा तास मोकळेपणाने वावरू दिले आणि त्याच्या आधी व नंतर दोघांच्याही लघवीतील ऑक्सिटोसिन मोजले. आईला पान्हा फुटण्यामागे आणि तिच्या बाळाविषयीच्या ओढीतही हेच संप्रेरक असते. ज्या जोड्यांत कुत्रा मालकाकडे अधिक वेळ पाहत राहिला, त्यांत दोघांचेही ऑक्सिटोसिन वाढलेले आढळले. माणसांनी लहानपणापासून वाढवलेल्या लांडग्यांत मात्र असे काही दिसले नाही.

पुढचा प्रयोग मला अधिक विलक्षण वाटतो. कुत्र्यांच्या नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा दिल्यावर माद्या मालकाकडे जास्त वेळ पाहू लागल्या, आणि ज्यांना काहीच दिले नव्हते त्या मालकांच्या शरीरातील ऑक्सिटोसिनही वाढले. नरांवर हा परिणाम झाला नाही. त्या खोलीत अनोळखी माणसेही होती आणि नरांमध्ये या संप्रेरकाने परक्यांविषयीची सावधता वाढवली असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. तो खरा असेल, तर ऑक्सिटोसिन वाढले की प्राणी सर्वांशीच प्रेमळ होतो, हा समज सोडून द्यावा लागेल.

आपला ताणही कुत्र्यापर्यंत पोहोचत असावा. स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५८ कुत्री आणि त्यांच्या मालकिणी यांच्या केसांतील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक तपासले गेले, तेव्हा दोघांची दीर्घकालीन पातळी एकमेकांशी जुळत असल्याचे दिसले.

हे सारे पाळीव कुत्र्यांविषयी झाले. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने केला आहे. ही कुत्री अनोळखी माणसाच्या हातातून खाण्याऐवजी जमिनीवर ठेवलेले अन्न घेणे पसंत करत. खाऊ देऊन त्यांची ही सावधता कमी झाली नाही. वारंवार प्रेमाने थोपटल्यावर मात्र ती हळूहळू विश्वास टाकू लागली. तिथे संप्रेरके मोजलेली नव्हती, तरीही भटक्या कुत्र्यांना केवळ बिस्किटे टाकून पुढे निघून जाणाऱ्या आपणा सर्वांसाठी हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो.