‘लक्ष वेधले’ म्हणजे नेमके काय केले?

डिसेंबरात खानदेशात कापूस घरात येत असतो, आणि नेमकी तेव्हाच नागपूरला विधिमंडळाचे व दिल्लीत संसदेचे अधिवेशन भरलेले असते. आमदारही कापसाच्या भावावर बोलतो, खासदारही. दुसऱ्या दिवशी दोघांच्याही बातमीला एकच मथळा लागतो, ‘सभागृहाचे लक्ष वेधले’. घोळ या शब्दापासून सुरू होतो.

विधानसभेत नियम १०५ ची लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना, नेहमीचीच. मंत्री उत्तर देतो, आमदार त्याला उलट प्रश्न विचारतात. हा शब्द आपल्याकडे इतका रुळला की खासदार दिल्लीत काहीही बोलला तरी ती ‘लक्षवेधी’ होते. लोकसभेतही लक्षवेधी आहे, नियम १९७ खाली. १९५४ मध्ये ती आली, आणि ब्रिटिश संसदेकडून उसनी घेतलेली नव्हे, इथलीच. तातडीच्या विषयासाठी सभागृहाचे ठरलेले काम थांबवून चर्चा मागणारा स्थगन प्रस्ताव होताच, पण त्यात सरकारवर ठपका येतो. लक्षवेधीत ठपका नाही, मंत्र्याचे निवेदन मात्र आहे. माझ्या मते सगळ्यांत कामाचे आयुध हेच, आणि अलीकडे लोकसभेत क्वचित दिसते तेही हेच.

मग आपले खासदार करतात काय? बहुतेक वेळा शून्य प्रहर, नाहीतर नियम ३७७. शून्य प्रहर नियमावलीत सापडणार नाही. साठच्या दशकात प्रश्नोत्तराचा तास बाराला संपला की सदस्य उठून आपले गाऱ्हाणे मांडू लागले आणि तीच रीत पडली. मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यावे असे बंधन नाही. ३७७ मध्ये २५० शब्दांपर्यंतचा मजकूर द्यायचा, मंत्रालयाचे लेखी उत्तर मागाहून. म्हणजे केळीच्या पीकविम्यावर शून्य प्रहरात दोन मिनिटे बोलणे वेगळे आणि तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या, प्रश्नाने मंत्र्याला उभे करणे वेगळे. तारांकितची नोटीस पंधरा दिवस आधी लागते. दिवसाचे २० प्रश्न यादीत असतात, तोंडी उत्तरापर्यंत जेमतेम पाच-सहा पोचतात.

प्रश्न विचारण्याचा हक्क तसा १८९२ च्या कायद्याचा, उपप्रश्नाचा १९०९ च्या सुधारणांचा. 

सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच वगळला. कोरोनाचे कारण खोटे नव्हते. अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे चालू होती, शून्य प्रहरही होता, फक्त अर्ध्या तासाचा. पण शेतीविषयक विधेयके त्याच अधिवेशनात मंजूर झाली, आणि उपप्रश्न विचारून मंत्र्याला अडवायची सोय तेवढी नव्हती.

मनमाड-इंदूर रेल्वेची मागणी धुळेकरांनी वर्षानुवर्षे लावून धरली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरचा, १८,०३६ कोटींचा मार्ग मंजूर केला. त्यामागे तारांकित प्रश्न किती आणि शून्य प्रहर किती, हे जुन्या मथळ्यांवरून कोणी काढून दाखवावे. सगळीकडे ‘लक्ष वेधले’च.

राज्यसभेची गंमत आणखी वेगळी. तिथे ३७७ च्या जागी ‘विशेष उल्लेख’ असतो. शिवाय २०१४ पासून प्रश्नोत्तरे बाराला आणि शून्य प्रहर सकाळी अकरालाच. बारा वाजण्यावरून हे नाव पडले असे सांगणाऱ्यांची तिथे पंचाईत होते.