एम.२ स्लॉट भरला की साटा पोर्ट का बंद पडतो?

मदरबोर्डवर पट्टीसारखी नवी एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) बसवायची खाच म्हणजे एम.२ स्लॉट. त्यात नवी एसएसडी बसवली आणि जुनी हार्डडिस्क दिसेनाशी झाली, ही तक्रार नाशिकच्या फोटो स्टुडिओंमधून वरचेवर कानावर येते. माणूस घाबरतो, कारण त्या डिस्कवर कुणाचं तरी अख्खं लग्न असतं. डिस्क मात्र बहुतेकदा धडधाकट असते. ती ज्या साटा पोर्टला (हार्डडिस्कची केबल लागते त्या जागेला) जोडलेली असते, त्याची डेटाची वाट मदरबोर्डाने एम.२ स्लॉटला देऊन टाकलेली असते. बऱ्याच बोर्डांवर पाच किंवा सहा नंबरच्या पोर्टमधली केबल काढून एक नंबरला लावली की डिस्क पुन्हा हजर.

ही वाटणी आली कुठून, यासाठी पीसीआयच्या, म्हणजे कार्डं जोडायच्या जुन्या पद्धतीच्या काळात जावं लागतं. १९९०च्या दशकात साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड, डिस्कचा कंट्रोलर अशी सगळी मंडळी एकाच बसवर, म्हणजे डेटाच्या एकाच सामायिक रस्त्यावर असत आणि सगळ्यांत मिळून सेकंदाला १३३ एमबी. ग्राफिक्सला ते पुरेना, म्हणून एजीपी ही वेगळी वाट निघाली. २००३ मध्ये पीसीआय एक्सप्रेसचा पहिला आराखडा ठरला. त्याने सामायिक बस मोडीत काढली आणि प्रत्येक उपकरणाला स्वतःच्या लेन, म्हणजे डेटाच्या स्वतंत्र मार्गिका दिल्या. एका लेनला एका दिशेने सेकंदाला २५० एमबी. प्रश्न मिटला असं वाटावं अशीच ही सोय होती. पण लेन म्हणजे शेवटी चिपच्या पिना आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा. त्या हव्या तेवढ्या काढता येत नाहीत.

२००९ मध्ये इंटेलने घरगुती प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सच्या १६ लेन घातल्या. साटा, यूएसबी, नेटवर्क हे सगळं चिपसेटकडे, म्हणजे बोर्डावरच्या मदतनीस चिपकडे राहिलं आणि चिपसेट ते प्रोसेसर डीएमआय नावाचा एकच दुवा. हार्डडिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी देत होती तोवर कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते एम.२ आल्यावर. २०१४च्या, इंटेलच्या झेड९७ चिपसेटच्या बोर्डांवर या स्लॉटला बहुधा दोनच लेन मिळत, त्याही साटाकडून उसन्या घेतलेल्या. २०१५च्या झेड१७० चिपसेटने चार लेन दिल्या, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४ जीबी. गंमत नाही, खरी अडचण इथे आहे: डीएमआयची ताकदसुद्धा तेवढीच, जेमतेम ४ जीबी. शिवाय त्या चिपसेटमधून बाहेर पडणाऱ्या वेगवान वाटा होत्या २६. त्यातली कुठली यूएसबीला, कुठली साटाला आणि कुठली एम.२ला, हे बोर्ड बनवणारी कंपनी ठरवते.

म्हणून वाटणी दोन तऱ्हेची असते आणि लोक तिथेच गोंधळतात. पहिलीत वाट एकाच्याच नावावर होते, दुसरा पोर्ट सरळ बंद. दुसरीत सगळं चालू दिसतं. पण चिपसेटवरच्या दोन एसएसडींमधून एकाच वेळी मोठ्या फाइल वाचल्या की वेग पडतो, कारण डीएमआयचा एकच दुवा दोघींत वाटला जातो. गंगापूरच्या कालव्याचं आवर्तन सुटलं आणि वरच्यांनी दारं उघडली की टेलच्या शेतात धार बारीक होते, तसंच. पहिली तऱ्हा लगेच कळते. दुसरी वर्षानुवर्षं लक्षात येत नाही, म्हणून मला तीच जास्त त्रासदायक वाटते.

इंटेलची स्पर्धक एएमडी हिने २०१७च्या रायझन प्रोसेसरमध्ये एसएसडीसाठी चार लेन थेट प्रोसेसरमधून दिल्या. इंटेलने २०२१ मध्ये तसंच केलं आणि डीएमआयही चारऐवजी आठ लेनचा केला. सिस्टिम आणि चालू प्रोजेक्टची एसएसडी या थेट स्लॉटमध्येच बसवावी, साठवणीची चिपसेटकडे.

एवढं होऊनही वाटणी संपलेली नाही. इंटेलच्या झेड६९० आणि झेड७९० बोर्डांवर पाचव्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसचा एम.२ स्लॉट द्यायचा तर कंपन्यांना ग्राफिक्सच्या सोळातल्या आठ लेन तिकडे वळवाव्या लागत. गेममध्ये त्याचा फरक फार थोडा पडतो. एएमडीच्या २०२४च्या एक्स८७० बोर्डांवर यूएसबी४ (यूएसबीची नवी, वेगवान आवृत्ती) सक्तीचं झालं आणि अनेक बोर्डांत ते प्रोसेसरला जोडलेल्या दुसऱ्या एम.२ स्लॉटच्या लेनमध्ये वाटेकरी आहे.

हे बॉक्सवर ठळक छापायला हवं, असं माझं ठाम मत आहे. ते असतं मॅन्युअलमध्ये, स्टोरेजच्या तक्त्याखालच्या बारीक टिपेत. कॅनडा कॉर्नरला दुकानात उभं राहून पैसे देण्याआधी मोबाइलवर ती पीडीएफ उतरवावी आणि आपल्याला किती एसएसडी, किती हार्डडिस्क लावायच्या आहेत ते त्या टिपेशी ताडून पाहावं. दुकानदाराला घाई असली तरी.