उपग्रहाद्वारे आलेल्या डिजिटल चित्रपटाचे ग्रहण व प्रदर्शन

मध्यवर्ती केंद्रातून उपग्रहामार्फत सोडलेल्या चित्रपटाच्या फायली टॉकीजच्या गच्चीवरील डिशने उतरवून घेणे, त्या सर्व्हरवर साठवणे आणि परवाना आल्यावर पडद्यावर दाखवणे, अशी ही पद्धत. भारतात ती २००५ च्या सुमारास रुजू लागली. मुंबईच्या यूएफओ मूव्हीजने एमपीईजी-४ पद्धतीने आवळलेल्या (आकाराने लहान केलेल्या) फायली उपग्रहावरून पाठवण्याची व्यवस्था उभारली. त्याआधी सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या गावी रिळांची पेटी यायची, आणि प्रिंट मोजक्याच निघत असल्याने ती बरेचदा मोठ्या शहरांत झिजून यायची. मुंबईत लागलेला चित्रपट त्याच शुक्रवारी सोलापुरातही लागणे, ही या पद्धतीची खरी कमाई. सुरुवातीच्या फायलींच्या चित्रदर्जाचे मात्र फार कौतुक करण्याजोगे काही नव्हते.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किमी उंचीवर असतो. तो ७४ अंश पूर्व रेखांशावर असेल, तर सोलापुरातून जवळजवळ दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे, क्षितिजापासून सुमारे ६९ अंशांवर येतो. केयू या उच्च वारंवारतेच्या पट्ट्यातील लहरी जोरदार पावसात क्षीण होतात. सोलापूर पर्जन्यछायेत असल्याने हा त्रास वर्षभर फारसा नसतो. सप्टेंबरातल्या संध्याकाळच्या सरी तेवढ्या नडतात. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारी काही मिनिटे सूर्य नेमका उपग्रहामागे येतो, तेव्हाही संदेश गोंगाटात बुडतो. क्रिकेटच्या थेट सामन्यात अशी मिनिटे कायमची गेली. फायलीचे तसे नाही : हरवलेले तुकडे पुन्हा पाठवता येतात किंवा सोबत आलेल्या जादा माहितीवरून जुळवता येतात, आणि सगळे आले की नाही हे सोबतच्या यादीतल्या हॅशशी (फायलीच्या मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणेशी) ताडून पाहता येते.

हॉलिवूडच्या स्टुडिओंनी २००२ मध्ये स्थापलेल्या डीसीआय या संस्थेने २००५ मध्ये आपले तपशील जाहीर केले. त्यांनुसार चित्रपट डीसीपी या संचाच्या रूपात येतो. प्रत्येक चौकट जेपीईजी २००० मध्ये स्वतंत्रपणे आवळलेली, २के असल्यास २०४८ × १०८० बिंदूंची, आणि चित्राच्या माहितीचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबिट. अडीच तासांचा चित्रपट या कमाल वेगाने भरला तर सुमारे २८० जीबी होतो. ५० मेगाबिटच्या वाहिनीवरून तो उतरायला साडेबारा तास लागतात. म्हणून मोठे संच हार्डडिस्कवरून पाठवण्याची रीतही टिकून आहे.

फाईल उतरली म्हणजे चित्रपट हाती आला असे नाही. आशय एईएस-१२८ या कूटपद्धतीने कुलूपबंद असतो आणि किल्ली केडीएम नावाच्या वेगळ्या, छोट्याशा फायलीतून येते. ती ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक मुदतीपुरतीच चालते. बिघाडामुळे सर्व्हरचा मीडिया ब्लॉक (किल्ली वापरून चित्रपट उलगडणारा भाग) बदलला, तर जुनी किल्ली निकामी होते आणि खेळ तोंडावर असताना नवी मागवावी लागते. घड्याळ मागे करून मुदत वाढवण्याची युक्तीही चालत नाही, कारण वर्षाला एकूण सहा मिनिटांपलीकडे ते हलवता येत नाही. पूर्वी पेटी केबिनमध्ये आली की ऑपरेटर राजा असे. आता खेळ लावायचा की नाही हे दूरच्या कार्यालयातून ठरते. वितरकाच्या दृष्टीने या पद्धतीचे सर्वांत मोठे आकर्षण हेच असावे.

सोलापुरात आणखी एक पेच संभवतो. पूर्व भागातील पद्मशाली विणकर वस्तीमुळे येथे तेलुगू चित्रपटांना हक्काचा प्रेक्षक आहे आणि कानडी बोलणारेही बरेच. त्यामुळे एकाच चित्रपटाची मूळ तेलुगू आणि हिंदी डब आवृत्ती गावात एकाच वेळी चालू शकते. डीसीपीत यासाठी चांगली सोय आहे : चित्राची फाईल एकच, आवाजाच्या निराळ्या, आणि कोणते काय जोडून दाखवायचे हे सांगणारी सीपीएल ही यादी प्रत्येक आवृत्तीची वेगळी. पण किल्लीही यादीगणिक वेगळी लागते. हिंदीची किल्ली आली आणि तेलुगूची राहिली, तर फायली समोर असूनही तेलुगू खेळ लागत नाही.

हौशी माणसाने डिश लावून अशा फायली पकडल्या, तरी किल्लीविना हाती निव्वळ कचरा येतो. किल्ली फोडण्याचा प्रयत्न बेकायदा आहे तो वेगळाच. ट्रेलर मात्र बहुधा कुलूपबंद नसतात. ते डीसीपी-ओ-मॅटिकसारख्या मोफत प्रणालीवर साध्या संगणकात पाहता येतात, फक्त जेपीईजी २००० उलगडताना जुना संगणक अडखळतो. रंग संगणकाच्या नेहमीच्या लाल-हिरव्या-निळ्या पद्धतीऐवजी एक्सवायझेड पद्धतीत नोंदलेले असल्याने रूपांतर न करणाऱ्या प्लेअरवर चित्र फिके, हिरवट दिसते. तो फायलीचा दोष नव्हे.