मोडीतील सामायिक सायकली (कोकण किनारा)

मोबाइलवरून कुलूप उघडून भाड्याने चालवायच्या सायकली योजना गुंडाळली की उघड्यावर पडून राहतात. त्यांतल्या चालू होण्याजोग्या दुरुस्त करून गावात वापरायच्या आणि उरलेल्या सोडवून भंगारात द्यायच्या, असा हा व्यवहार. पुण्यात अशा सायकली डिसेंबर २०१७ मध्ये रस्त्यावर आल्या. ओफो कंपनीने २०१८ मध्येच भारत सोडला. सिंगापूर-मलेशियातल्या सुमारे १०,००० सायकली ‘लेसवॉक’ उपक्रमाने म्यानमारच्या शाळकरी मुलांसाठी विकत घेतल्या.

सायकल टेम्पोतून उतरवण्याआधी विक्रीपत्र किंवा लिलावाची पावती हातात हवी. मग मागच्या चाकाचे कुलूप. त्यात लिथियम बॅटरी असते. बोल्टची डोकी साध्या पान्याला दाद देत नाहीत. ती ड्रिलने खावीत. ग्राइंडर कुलपाच्या पेटीवर चालवला आणि बॅटरी कापली गेली, तर ती पेट घेते.

खरी गोम टायरची. बहुतेक टायर भरीव रबराचे. पंक्चर होत नाहीत, पण जांभ्याच्या रस्त्यावर प्रत्येक धक्का मनगटात उतरतो. हवेचा टायर चढवायचा तर रिमला ट्यूबच्या व्हॉल्व्हसाठी ८.५ मिमीचे भोक पाडून कड कानशीने घासावी, आतून रिमटेप लावावी. रिमची कड आत वळलेली नसेल, तर टायर निसटतो. तिथे चाकच बदलावे. दुकानात नुसता ‘२६चा’ टायर मागणाऱ्याची फसगत ठरलेली: २६ × १ ३/८ हा ५९० मिमी रिमचा, २६ × १.७५ हा ५५९ मिमीचा.

खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियमची फ्रेम आणि लोखंडी सीट पाइप एकमेकांना घट्ट धरतात. पावसाआधी पाइप काढून ग्रीस लावावे; जाम झाल्यावर ठोकाठोकी केली की फ्रेम तडकते. मागच्या हबात (चाकाच्या मधल्या तुंब्यात) पाव इंची छर्रे बाजूला ९, पुढच्यात ३/१६ इंची बाजूला १०. एक गंजका दिसला तरी सगळे बदलावेत.

मोबाइक कंपनीच्या सुरुवातीच्या सायकलीला साखळीऐवजी शाफ्ट (फिरता दांडा) होता, वजन २५ किलो. त्याचे भाग गावातल्या दुकानात मिळत नाहीत. ती सुट्या भागांसाठीच धरावी. बिनगिअरची सायकल घाटात दमवते, पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) तर खांद्यावरच घ्यावी लागते. सड्यावर (कातळाच्या पठारावर) किंवा अलिबाग-रेवदंड्याच्या सपाटीवर ठीक. पाव-मासळीच्या फेरीला पुढची टोपली पुरत नाही. मागे लोखंडी कॅरिअर घालावा, पण सीटच्या क्लॅम्पवर न टांगता त्याचे पाय मागच्या एक्सलच्या नटाखाली घ्यावेत. त्या नटाला १५चा पाना लागतो.