विडालच्या रिपोर्टवरचा टायफॉइड

पावसाळ्यात कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये डोकावलं तर तापाचे रुग्ण ओळीने बसलेले दिसतात. ताप येऊन दोन-तीन दिवस झालेले असतात, डॉक्टरांनी 'विडाल करून घ्या' असं सांगितलेलं असतं आणि संध्याकाळी रिपोर्ट हातात पडतो: 'एस. टायफी ओ १:१६०, एच १:१६०'. टायफॉइड निघाला! लगेच भाकरी बंद होते, मऊ भात सुरू होतो, अँटिबायोटिकची सलाईन लागते. अशा निदानांतली बरीचशी निदानं चुकीची असतात. ती का चुकतात हे समजायला आधी ही तपासणी कशी होते ते पाहू.

वर्तुळं आखलेल्या पट्टीवर रुग्णाच्या सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर द्रवाचा थेंब टाकतात. त्याच्यावर कुपीतल्या रंगीत द्रावाचा थेंब. या द्रावात टायफॉइडचे मारलेले जिवाणू असतात. काडीने दोन्ही मिसळायचं आणि पट्टी मिनिटभर हलकेच गोल फिरवायची. सीरममध्ये त्या जिवाणूंविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) असतील, तर एकजीव दिसणारा द्राव फुटतो आणि त्यात रव्यासारखे कण दिसू लागतात. 'ओ' म्हणजे जिवाणूच्या अंगावरच्या घटकाविरुद्धची प्रतिपिंडं, 'एच' म्हणजे त्याच्या शेपटीविरुद्धची. सीरम १६० पट पातळ केल्यावरही कण दिसले तर १:१६०. फ्रेंच वैद्य फर्नांड विडाल यांनी १८९६ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हा ती फार मोठी गोष्ट होती. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून आजार ओळखता येतो हेच नवं होतं.

पण ही तपासणी जिवाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध काय केलं हे शोधते, आणि शरीराची आठवण दीर्घ असते. ज्या भागात टायफॉइड नेहमीचाच आहे, तिथे ठणठणीत माणसाच्या रक्तातही थोडी प्रतिपिंडं सापडतात. पूर्वी होऊन गेलेला आजार, टायफॉइडचा जिवाणू ज्या साल्मोनेला कुळातला त्यातले दुसरे जिवाणू, कधी मलेरिया किंवा डेंग्यूचा तापसुद्धा आकडा वर नेतो. उलट खरोखर टायफॉइड झालेला असला, तरी प्रतिपिंडं मोजण्याइतकी तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. तिसऱ्या दिवशी केलेली विडाल म्हणून दोन्ही बाजूंनी फसवते. एकदा आणि पुन्हा आठ-दहा दिवसांनी अशी दोनदा करून आकडा चौपट वाढला का हे पाहायचं, हा तिचा खरा उपयोग. पण आठ दिवस थांबतो कोण?

आता जिवाणूकडे वळू. साल्मोनेला टायफी दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो, जठरातल्या आम्लातून काही जण वाचतात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचतात. तिथल्या भिंतीत पायरचे चट्टे नावाच्या प्रतिकार-पेशींच्या वसाहती आहेत. आतड्यातल्या मजकुराचे नमुने घेऊन आत तपासणीला पाठवणं हे त्यांचं काम, आणि टायफी नेमका त्याच दारातून आत शिरतो. आत त्याला मॅक्रोफेज पेशी गिळतात. एरवी गिळला गेलेला जिवाणू मरतो, हा मात्र त्या पेशीच्या आतच वाढू लागतो. त्याच पेशींवर बसून तो यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत जातो. बहुधा आठ ते चौदा दिवस हे सगळं गुपचूप चालतं. मग तो रक्तात उतरतो आणि ताप रोज थोडा थोडा चढू लागतो.

म्हणूनच आतड्याचा आजार असूनही टायफॉइडमध्ये जुलाब असतीलच असं नाही, मोठ्या माणसांना कित्येकदा बद्धकोष्ठच होतं. उपचार मिळाले नाहीत तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पायरच्या चट्ट्यांवर व्रण पडतात, त्यातून रक्त जातं आणि कधी आतड्याला छिद्र पडतं. तापात पोट अचानक असह्य दुखून टणक झालं, तर रात्रभर वाट न पाहता रुग्णालय गाठायला हवं, कारण छिद्र पडलेल्या आतड्याला शस्त्रक्रियाच लागते.

मग खात्रीचं निदान कशाने होतं? ब्लड कल्चरने, म्हणजे रक्तातला जिवाणू वाढवून दाखवण्याने. इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. भरात आलेल्या टायफॉइडमध्येही एक मिलिलिटर रक्तात जेमतेम एखादा जिवाणू असतो. त्यामुळे मोठ्या माणसाचं किमान आठ-दहा मिलिलिटर रक्त कल्चरच्या बाटलीत जायला हवं. नर्सने भरलेली मोठी सिरिंज पाहून नातेवाईक कुरकुरतात, पण तेवढं रक्त घेतलं नाही तर बाटलीत जिवाणू येणारच नाही. अँटिबायोटिकचे दोन डोस आधीच पोटात गेले असतील तर शक्यता आणखी घटते. सगळं नीट केलं तरी दहापैकी सहाच्या आसपास रुग्णांतच कल्चर जिवाणू पकडतं, आणि रिपोर्टला काही दिवस लागतात. अस्थिमज्जेच्या कल्चरमध्ये तो जास्त हमखास सापडतो, पण त्यासाठी हाडात सुई घालावी लागते.

एवढ्या मर्यादा असूनही माझा कौल कल्चरलाच आहे. जिवाणू सापडला की तो कोणत्या औषधाला दाद देतो हेही कळतं, आणि आज तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं आणि जीवघेणा आजार काबूत आला. पुढे जिवाणू त्याला निर्ढावला. मग सिप्रोफ्लोक्सासिनचं राज्य आलं, भारतात आता त्याचाही भरवसा उरलेला नाही. सेफ्ट्रियाक्झोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही हाताशी राहिलेली मुख्य औषधं. पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइडने सेफ्ट्रियाक्झोनलाही जुमानलं नाही. विडालच्या कणांवर विसंबून डेंग्यूच्या रुग्णाला सेफ्ट्रियाक्झोन दिलं, तर विषाणूचं काही बिघडत नाही, मात्र पोटातल्या इतर जिवाणूंना त्या औषधाला तोंड देण्याचा सराव होतो. शिवाय खरा आजार स्क्रब टायफस किंवा लेप्टो असला, तर त्याच्या उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात.

योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला चार-सहा दिवस लागतात, कारण जिवाणू पेशींच्या आत दडलेला असतो. तिसऱ्या दिवशी 'गुण येत नाही' म्हणून डॉक्टर बदलणारे आणि सहाव्या दिवशी 'बरं वाटतंय' म्हणून गोळ्या सोडणारे, दोघेही आपलं नुकसान करून घेतात. टायफॉइड उलटतो असं आपण म्हणतो ते खरंच आहे. दडून राहिलेले जिवाणू दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा डोकं वर काढतात.

काहींच्या शरीरातून तो जातच नाही. पित्ताशयात, विशेषतः पित्ताच्या खड्यांवर थर करून तो वर्षानुवर्षं राहतो. माणूस धडधाकट असतो आणि शौचावाटे जिवाणू बाहेर टाकत राहतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच वाहक होती. १९०७ मध्ये तिला बेटावरच्या रुग्णालयात अलग ठेवलं, १९१० मध्ये सोडलं आणि १९१५ मध्ये पुन्हा पकडून नेलं ते १९३८ मध्ये ती वारेपर्यंत. आजार तिने पसरवला हे खरं, पण आपल्याला काहीही होत नसताना कैद का, हे तिला पटवून देणं कुणालाच जमलं नाही. तिचं दुःख मला आजही न्याय्य वाटतं.

टायफीचं एक मर्मस्थान मात्र आहे. तो माणसाखेरीज कुठेही वस्ती करत नाही. कोंबडी नाही, गाय नाही, उंदीर नाही. माणसामाणसातली साखळी तुटली की त्याला थारा नाही. शुद्ध पाणी आणि धड मलनिस्सारण यांनी युरोपात ती तुटली. आपल्याकडे गटाराशेजारून जाणारी फुटकी पाइपलाइन अजून तिला जोडत राहते. दरम्यान नवी संयुग्म लस, म्हणजे जिवाणूच्या आवरणातल्या साखरेला प्रथिनाची जोड दिलेली लस, हाती आली आहे. जुनी, नुसत्या त्या साखरेची (पॉलिसॅकराइड) लस दोन वर्षांखालच्या मुलांना उपयोगी नव्हती, नवी लस नऊ महिन्यांच्या बाळालाही चालते आणि एका डोसचं संरक्षण काही वर्षं टिकतं. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षं वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना ती दिली. सार्वजनिक आरोग्ययंत्रणेने एवढ्या प्रमाणावर ही लस देण्याचं ते जगातलं अगदी सुरुवातीचं उदाहरण. लसीचा उपयोग झाला का, हे पाहण्यासाठी शहरातल्या रुग्णालयांत येणाऱ्या तापाच्या मुलांचं ब्लड कल्चर केलं गेलं. लस घेतलेल्या मुलांत जिवाणू सापडण्याचं प्रमाण लक्षणीय कमी निघालं. विडालच्या आकड्यांवर मोजलं असतं, तर हा फरक दिसलाच नसता.