मोतीशिंपला आणि समुद्रकाकडी

युरोपातल्या आणि उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या थंड, वाहत्या नद्यांत राहणारा गोड्या पाण्यातला मोतीशिंपला (मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेरा) आणि हिंदी-प्रशांत महासागरांच्या उथळ वाळूतली समुद्रकाकडी (होलोथुरिया स्काब्रा) हे दोन्ही प्राणी नामशेष होण्याचा धोका असलेल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेले आहेत. पहिला मृदुकाय, दुसरी तारामाशाच्या संघातली कंटकचर्मी; नाते दूरचे, काम मात्र जवळचे. पूर्ण वाढलेला शिंपला दिवसाला सुमारे ५० लिटर पाणी गाळतो. समुद्रकाकडी तोंडाभोवतीच्या संस्पर्शकांनी वाळू गिळते, तिच्यातले सेंद्रिय कण पचवते आणि उरलेली वाळू मागे टाकत पुढे सरकते.

समुद्रकाकडीवरचे संकट सरळ आहे: तिला वेचून नेतात. ती पळू शकत नाही, आणि उकडून वाळवलेल्या मालाला पूर्व आशियात मोठी मागणी आहे. नर-मादी शुक्राणू आणि अंडी उघड्या पाण्यात सोडतात, त्यामुळे प्राणी विरळ झाले की फलनच होत नाही. भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला अभय आहे.

मोतीशिंपलाही मोत्यांपायी शतकानुशतके फोडला गेला. ब्रिटनमध्ये १९९८ पासून त्याला कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. पण त्याचे खरे दुखणे बालपणात आहे, आणि तिथे बंदी पोहोचत नाही. मादी लाखो अळ्या सोडते. प्रत्येक अळी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान, चिमुकल्या दोन झडपांची. सामन किंवा ट्राउट माशाच्या कल्ल्यात शिरली तरच ती झडपा मिटून तिथे चिकटते आणि काही महिने तिथेच वाढते. बाकीच्या मरतात. पुढे सुटून खाली पडलेले पिल्लू सुमारे पाच वर्षे खड्यांत गाडलेले राहते. शेतातून, उघड्या काठांवरून आलेला गाळ खड्यांमधल्या फटी बुजवतो, प्राणवायू तुटतो आणि पिल्लू गुदमरते. प्रौढ शिंपले शंभर वर्षांहून अधिक जगतात, म्हणून नदी भरलेली दिसते. अनेक ठिकाणी त्यांत लहान शिंपला मात्र एकही नसतो. ही अवस्था फार फसवी आहे.

उपायही त्यामुळे वेगळे. समुद्रकाकडीच्या अळ्या टाकीत सूक्ष्म शैवालावर वाढतात; तुतिकोरीन येथे १९८८ मध्ये तिची पिल्ले तयार करण्यात यश आले. ती साधारण दोन वर्षांत प्रजननक्षम होते. शिंपल्याला त्यासाठी दहा ते पंधरा वर्षे लागतात, आणि त्याच्या पैदास केंद्रात आधी मासे पाळावे लागतात.