लाठी, विमानं आणि मोटरमन

मुंबईवर २००८मध्ये दहशतवादी हल्ला झाला, त्या रात्री गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. अंगात गोळ्या घुसत असतानाही त्यांनी कसाबच्या रायफलची नळी सोडली नाही, म्हणून दहा हल्लेखोरांपैकी एक जिवंत सापडला. कसाबचा जबाब, हल्लेखोर ज्या बोटीतून आले त्या ‘कुबेर’वर मिळालेला सॅटेलाइट फोन आणि जीपीएस यांतून कराचीपर्यंतचा माग निघाला. फेब्रुवारी २००९मध्ये कटाचा काही भाग आपल्याच भूमीवर शिजल्याचं पाकिस्तानला मान्य करावं लागलं.

नोव्हेंबर आला की लोकलच्या डब्यात एक वाद हमखास रंगतो: पाकिस्तानात विमानं पाठवून एकदाचा सोक्षमोक्ष का लावत नाहीत? १६६ माणसं गेली, तेव्हा राग येणारच. पण असे हल्ले करणाऱ्या दहशतवादी संघटना नेमक्या कशाने संपतात, हे मोजताही येतं.

अमेरिकेतल्या रँड संस्थेने २००८मध्येच ते मोजलं. १९६८ ते २००६ या काळातल्या ६४८ संघटना तपासल्या. त्यांतल्या २६८ खऱ्या अर्थाने संपल्या होत्या. बाकीच्या एकतर फुटल्या होत्या किंवा चालूच होत्या. संपलेल्यांपैकी ४३ टक्के राजकारणात शिरल्या, ४० टक्के पोलीस आणि गुप्तचरांनी मोडल्या, १० टक्क्यांनी हवं ते मिळवलं. लष्कराने संपवलेल्या फक्त ७ टक्के.

लष्कर निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. संघटनेच्या ताब्यात मुलूख आणि फौज असेल, तर रणगाडे लागतातच. मार्च २०१९मध्ये सीरियातल्या बागूझमध्ये ‘इस्लामिक स्टेट’चा शेवटचा तुकडा तसाच गेला. मुलूख गेला, संघटना मात्र उरली.

मग म्होरक्याला टिपलं तर? राज्यशास्त्रज्ञ जेना जॉर्डन यांनी अशा २९८ घटना तपासल्या. कोवळ्या, लहान संघटना कोलमडण्याची शक्यता जास्त. जुन्या, मोठ्या आणि धर्माच्या नावावर चालणाऱ्या बहुधा तग धरतात. एखादा मोटरमन कामावर आला नाही म्हणून लोकल बंद पडत नाही, दुसरा येतो. ओव्हरहेड वायर तुटली की मात्र सगळं ठप्प.

दहशतीची ओव्हरहेड वायर म्हणजे पैसा. पैशाच्या वाटांवर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाने जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ पाकिस्तानला करड्या यादीत, म्हणजे वाढीव देखरेखीखाली, ठेवलं. याच काळात, फेब्रुवारी २०२०मध्ये, लाहोरच्या न्यायालयाने लष्कर-ए-तय्यबाचा संस्थापक हाफिज सईदला दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल शिक्षा सुनावली. हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही.

रँडच्या आकड्यांवर माझा एक आक्षेप आहे. पोलीस आपल्या हद्दीत पोलीस असतात; शेजारचं सरकारच आसरा देत असेल, तर आपल्या हवालदाराने तिथे जायचं कसं? मग उरतात पुरावे, निर्बंध, प्रत्यार्पण. ही कामं अतिशय संथ. मुंबईची रेकी करणारा डेव्हिड हेडली ऑक्टोबर २००९मध्ये शिकागोत पकडला गेला. अमेरिकेने त्याला आपल्या हवाली केलंच नाही. फेब्रुवारी २०१६मध्ये तिथल्या कैदेतूनच, व्हिडिओवरून, त्याने मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली आणि हल्ल्याचे आधीचे दोन प्रयत्न फसल्याचंही सांगितलं. त्याला मदत केल्याचा आरोप असलेला तहव्वूर राणा दिल्लीत उतरायला एप्रिल २०२५ उजाडला.